सुट्टीतलं संग्रहालय आणि ‘अजून किती राहिलंय?’

पत्र

बाई, नमस्कार. आम्ही चिंचवडला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, जूनमध्ये सहावीत जाईल. मुलगी सहा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत दोघांना एका मोठ्या संग्रहालयात नेलं होतं. मुलाला वही-पेन दिलं आणि पाट्यांवरची माहिती उतरवून घ्यायला सांगितलं. अर्ध्या तासात त्याचं ‘अजून किती राहिलंय?’ सुरू झालं. मुलीनं काचेला हात लावले म्हणून मी चारचौघांत तिच्यावर ओरडले. मग मुलगा एका तलवारीपुढे थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘ही खरी आहे की नंतर बनवलेली?’ लोक वळून बघायला लागले, मी त्याला गप्प केलं. परतताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही.

आता मे महिन्याच्या सुट्टीत शाळेनं पुन्हा ‘संग्रहालयाला भेट द्या व प्रकल्प तयार करा’ असं दिलंय. यजमान म्हणतात, इंटरनेटवरून चित्रं काढून चिकटवू, उन्हातान्हात कशाला जायचं? सासरे बार्शीकडच्या गावाहून आलेत, वय ७८, गुडघे दुखतात, तरी ‘मीपण येतो’ म्हणतात. मुलांना जबरदस्तीनं न्यावं का? आणि नेलं, तर या सगळ्यांचं एकत्र कसं जमवू?
– एक आई, चिंचवड

उत्तर

ताई,

जा. आणि सासऱ्यांना घेऊनच जा. ते येताहेत म्हणून अडचण वाढली असं तुम्हाला वाटतंय, पण तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यांत जास्त आशा त्यांच्याकडूनच वाटली. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. आधी त्या तलवारीचं बोलू.

‘ही खरी आहे की नंतर बनवलेली?’ इतिहासाचं काम करणारी माणसं जन्मभर हेच विचारत असतात. जुना कागद हाती आला की मजकूर वाचायच्याही आधी कागद कसला आहे, मोडीचं वळण कुठल्या काळातलं आहे, शिक्का कुणाचा आहे हे पाहतात. पत्रावर लिहिलेली तारीख खरी असेलच असं ती धरून चालत नाहीत. तुमच्या मुलाला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी तो बरोबर तिथे पोचला. पाट्या उतरवून घेताना तो कंटाळला होता. तलवारीपुढे उभा होता तेव्हा मात्र तो कंटाळलेला नव्हता, ताई. त्या एका मिनिटात त्यानं संग्रहालय खऱ्या अर्थानं पाहिलं.

म्हणून जाण्याआधी एवढं करा. त्याला जवळ बसवून सांगा की तुझा प्रश्न चांगला होता, उत्तर मला येत नव्हतं आणि लोक बघताहेत म्हणून मी तुला गप्प केलं. या वेळी असा प्रश्न पडला तर आपण तिथल्या माणसाला विचारू. हे सांगायला जड जाईल, पण सांगा. नाहीतर तो या वेळी काहीच विचारणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की बरं झालं, शहाण्यासारखा वागला.

मी सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. एकदा दोन तुकड्यांची सहल संग्रहालयात नेली होती. रांगा, हाताची घडी, तोंडावर बोट. चाळीस मिनिटांत आम्ही सगळी दालनं ‘केली’. दुसऱ्या दिवशी निबंध लिहून घेतला तर सगळ्या वह्यांत तीच पाच वाक्यं, कारण फळ्यावर मुद्दे मीच लिहून दिले होते. एकाच मुलीनं वेगळं लिहिलं होतं, तेही फक्त एका कुलपाविषयी, दीड पान. तिचे वडील किल्ल्या बनवायचे. किल्ली दांड्यावर फिरवून बसवायची ते कुलूप कसं उघडत असेल, याचा अंदाज तिनं आकृती काढून मांडला होता. मी त्या निबंधाला कमी गुण दिले, कारण विषय ‘संग्रहालयाची सहल’ असा होता. ते गुण मला आजही बोचतात. त्या मुलीनंच दाखवून दिलं की मूल संग्रहालयात शिरतं ते एखाद्या वस्तूच्या दारातून, आणि ती वस्तू त्याच्या घराशी कुठेतरी जोडलेली असावी लागते.

हे मनात धरून मी तुम्हाला पुण्यातलंच राजा दिनकर केळकर संग्रहालय सुचवते. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत आहे. तुम्हाला गाडी काढायची गरज नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेपाशी मेट्रोत बसा आणि थेट मंडई स्थानकावर उतरा. शिवाजीनगर यायच्या आधीच ती गाडी जमिनीखाली शिरते आणि पुढे नदीच्याही खालून जाते. मुलीसाठी निम्मी सहल तिथेच होईल. स्थानक खोल आहे, पण लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, तेव्हा आजोबांच्या गुडघ्यांना तिथे त्रास नाही. संग्रहालयाची इमारत मात्र मजल्यांची आहे आणि जिने चढावे लागतात. आधी फोन करून बसायला जागा कुठे आहे, तळमजल्यावर काय मांडलंय आणि त्या दिवशी काही बंद तर नाही ना, हे विचारून घ्या. वेळा आणि तिकिटाचे दरही तेव्हाच विचारा, ते बदलत राहतात.

हेच संग्रहालय का, तर तिथे राजेमहाराजांच्या गोष्टींपेक्षा घरातल्या गोष्टी जास्त आहेत. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कुलुपं, दौती, कंगवे, अंग घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी, कोरीव दारं, वाद्यं, कठपुतळ्या, पैठणची चित्रं. संग्रह २०,००० वस्तूंच्या वर आहे आणि त्यांतल्या साधारण २,५०० मांडलेल्या आहेत. २,५०० हा आकडा मुद्दाम सांगितला. एकेका वस्तूपुढे दहा सेकंद थांबलात तरी जवळजवळ सात तास लागतील. तेव्हा ‘सगळं बघून होणं’ हा विचार आजच सोडून द्या. तिकीट काढलंय म्हणून सगळं बघायलाच हवं, असं काही नाही. दोन दालनं बघा आणि परत या. तिसरं दालन दिवाळीच्या सुट्टीत.

संग्रहालयाच्या नावाची गोष्ट मुलांना जाण्याआधी सांगा. नाव वाचून पुष्कळांना वाटतं की केळकर कुणी संस्थानिक होते. तसं नाही. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे चष्म्यांचं दुकान चालवणारे गृहस्थ. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविताही लिहायचे. राजा हा त्यांचा एकुलता एक मुलगा, लहानपणीच गेला. १९२० च्या सुमारास सुरू झालेला आपला संग्रह त्यांनी या मुलाच्या नावानं उभा केला. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. गावोगाव, वाड्यावाड्यांतून फिरून लोकांनी अडगळीत टाकलेल्या वस्तू ते गोळा करत राहिले आणि पुढे त्यांनी तो सगळा ठेवा राज्य सरकारकडे सोपवला.

मुलगी सहा वर्षांची आहे, तिला मरणाचं किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. ‘या घराला एका लहान मुलाचं नाव आहे’ एवढं सांगितलंत तरी पुरे. मुलाला मात्र पूर्ण सांगा. एका वडिलांनी आपल्या मुलाची आठवण जपायला हजारो अनोळखी माणसांच्या घरातल्या वस्तू जपल्या, हे अकरा वर्षांच्या मुलाला समजतं. मोठ्यांपेक्षा लवकर समजतं, असा माझा अनुभव आहे.

आता आजोबा. ते ७८ वर्षांचे, म्हणजे १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले तेव्हा दहा-एक वर्षांचे असणार. सोळा आण्यांचा रुपया त्यांनी हाताळलाय. किलो-लिटर रुळण्याआधीचं धान्य त्यांच्या घरात मापानं मोजलं जात असणार. त्यांना विचारा, चिपटं म्हणजे केवढं? बघा कसे खुलतात. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सगळं दुपटीनं चढत जातं, कारण वाटणी नेहमी निम्म्यानं करायची असते आणि निम्मं करायला तराजूही लागत नाही. तुमच्या मुलाच्या गणिताच्या पुस्तकात हे नाही. बार्शीकडच्या ज्वारीच्या खळ्यावर ते होतं, आणि ते पाहिलेला माणूस तुमच्याच घरात बसलाय. गुडघे दुखत असतानाही ‘मीपण येतो’ म्हणतोय.

तेव्हा तिथे गेल्यावर पाटी वाचायची नाही. पाटीकडे बघायच्या आधी आजोबांकडे बघायचं. ‘आजोबा, हे तुमच्याकडे होतं का? कुठे ठेवायचे? कोण वापरायचं?’ एवढेच तीन प्रश्न. पाटीवर ‘अडकित्ता, पितळ’ इतकंच लिहिलेलं असतं. सुपारी कातरताना आजोबांच्या वडिलांच्या हाताचा आवाज कसा यायचा, पाहुणा आला की पानाचं तबक आधी कुणापुढे जायचं, बायकांची पानसुपारीची चंची कनवटीला कशी असायची, हे पाटीवर कधीच येणार नाही. आजोबांनी एखादी गोष्ट चुकीची सांगितली तर तिथेच दुरुस्त करू नका. घरी आल्यावर नातवानं शोधावं आणि आजोबांशी वाद घालावा. त्या वादातही इतिहासच आहे.

अडकित्त्यांपुढे मुलाला जरा जास्त वेळ थांबवा. घोडे, पोपट, माणसं, काय काय आकार आहेत त्यांत! त्याला विचारा की बिजागरी कुठे आहे, सुपारी कुठे ठेवायची आणि जोर कुठे लावायचा. टेकू एका टोकाला, भार मधे, बल दुसऱ्या टोकाला. तरफेचा हा दुसरा प्रकार. शाळेत विज्ञानात साधी यंत्रं शिकताना तो हे शिकेल आणि तेव्हा उदाहरण म्हणून बहुधा अडकित्ताच येईल. आजकालच्या मुलांनी अडकित्ता बघितलेलाच नसतो, म्हणून ते उदाहरण पाठ करावं लागतं. तुमचा मुलगा ते डोळ्यांनी बघून वर्गात बसेल.

दिव्यांशी मुलगी रमेल. तिला सांगा, ‘तुला रात्री अंधारात भीती वाटली तर यांतला कुठला दिवा उशाशी ठेवशील?’ ती प्रत्येक दिवा नीट बघेल, कारण आता तिला निवड करायची आहे. एक दिवा निवडला की खाली बसून तिला तो काढू दे. पेन्सिल आणि कोरा कागद न्या, पेन नको. चित्र हत्तीसारखं आलं काय नि कढईसारखं आलं काय, दुरुस्ती करू नका. काढताना ती जितका वेळ त्या दिव्याकडे बघेल तितका वेळ आपण मोठी माणसंही कुठल्या वस्तूकडे बघत नाही. वज्री दाखवताना ती कशाला वापरतात हे आधी सांगू नका. अंदाज करू दे. उत्तर कळल्यावर घरी आंघोळीच्या वेळी ‘मला वज्रीच हवी’ म्हणून तिचा हट्ट होईल, त्याची तयारी ठेवा. बाजारात अजून मिळते.

काचेला हात लावण्याबद्दल. सहा वर्षांचं मूल हातानंच बघतं. ‘हात लावू नको’ म्हटलं की तिला फक्त राग ऐकू येतो, कारण कळत नाही. म्हणून घरीच एक करून बघा. तुमच्या देवघरातलं पितळेचं किंवा तांब्याचं एखादं भांडं चिंच लावून लख्ख घासा, कोरडं करा आणि तिला त्यावर अंगठा दाबायला सांगा. चार-पाच दिवसांनी ठसा काळसर उमटलेला दिसेल. आपल्या घामात मीठ असतं, तेल असतं, त्यानं धातू डागाळतो. ‘रोज शंभर मुलांनी अंगठा लावला तर त्या दिव्याचं काय होईल?’ हे तिचं तीच सांगेल. मग संग्रहालयात ती स्वतःच दुसऱ्या मुलांना दटावेल, तेवढं मात्र सांभाळा.

मुलाच्या ‘खरं की नंतरचं’ या प्रश्नासाठी तिथे मस्तानी महाल आहे. बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष आणून तो इथे पुन्हा उभा केलाय. मुलाला त्या दालनात सोडा आणि विचारा, ‘यातलं तेव्हाचं कोणतं आणि इथे जोडताना नवीन घातलेलं कोणतं असेल? कशावरून?’ लाकडाचा रंग, झिजलेल्या कडा, सांधे. तो पोलिसासारखा तपास करील. शेवटी त्याचा अंदाज तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगायला लावा. प्रश्न त्यानंच विचारायचा, तुम्ही मागे उभं राहायचं. संग्रहालयात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसांना कितीतरी माहीत असतं आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. ‘टॉयलेट कुठे आहे?’ यापलीकडचा प्रश्न एखाद्या मुलानं विचारला की बहुतेक जण मनापासून बोलतात.

हल्ली अशा भेटींसाठी प्रश्नपत्रिका किंवा ‘शोधा पाहू’चे तक्ते घेऊन जायची पद्धत आलीय. दहा वस्तू शोधा, खूण करा, बक्षीस घ्या. मला ते पटत नाही. मुलं वस्तू शोधतात, खूण करतात आणि वस्तूकडे पाठ करून पुढच्या खुणेकडे पळतात. तुमच्या मुलानं पाट्या उतरवल्या, त्यातलाच हा प्रकार, फक्त रंगीत कागदावरचा. फोटोंचंही तसंच. परवानगी असेल तर निघताना प्रत्येकानं एकच फोटो काढायचा, असं आधी ठरवा. एकच काढायचा म्हटलं की कुठला, हे ठरवण्यासाठी सगळं पुन्हा आठवावं लागतं.

तुमच्या यजमानांना माझ्याकडून एक सांगा. इंटरनेटवर चित्रं सगळी मिळतील, ते खरंच आहे. पण पडद्यावर सगळं एकाच मापाचं दिसतं. मुठीत मावणारी वज्री आणि माणसाच्या डोक्यावरून जाणारा वाड्याचा दरवाजा, दोन्ही बोटाएवढे. त्या दरवाज्याखाली उभं राहून मान वर करावी लागते, त्याची किल्ली हातभर असू शकते, हे पडदा सांगू शकत नाही. त्यांनाही घेऊन जा. मुलीला खांद्यावर बसवायला कुणीतरी लागेलच.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. सकाळी उघडतानाच पोचा, मेमध्ये अकराच्या पुढे पेठेत चालवत नाही. घरून पोटभर खाऊन निघा, भुकेलं मूल पेशव्यांनाही आवरलं नसतं. आत शिरायच्या आधी दोघांना बाथरूमला नेऊन आणा. पाऊण तास, फार तर एक तास. मुलं रंगात आलेली असताना बाहेर पडा, कंटाळेपर्यंत थांबू नका. आजोबांना मधे दोनदा बसवा. ते बसले की मुलांनी आळीपाळीनं जाऊन एक वस्तू बघायची आणि परत येऊन त्यांना वर्णन करून सांगायची, नाव न घेता. त्यांनी ओळखायचं. गुडघ्यांना विसावा मिळतो आणि मुलांना शब्द शोधावे लागतात. ‘वरती पक्षी आहे, खाली वाटी आहे, मधे साखळी आहे’ म्हटल्यावर आजोबा ‘लामणदिवा!’ म्हणाले की तो शब्द मुलांच्या डोक्यात पक्का बसतो.

तिथून चालत तुळशीबागेत जा. फार लांब नाही, आजोबांना वाटलं तर रिक्षा करा. तिथे पितळेची भांडी आणि भातुकली मिळते. मघाशी काचेआड पाहिलेली चूल, पाटा-वरवंटा, जातं, बंब, सगळं बोटभर आकारात. मुलीला एक वस्तू घेऊन द्या, संच नको. आज जे पाहिलं त्यातलीच एक, तिनं निवडलेली. मुलालाही विचारा. अकरा वर्षांची मुलं ‘मला नको’ म्हणतात आणि मग छोटा बंब कसा चालतो हे तासभर बघत बसतात.

राहिला प्रकल्प. चित्रं विकत आणून चिकटवू नका. घरातल्या एका फळीवर आठवडाभरासाठी तुमचं संग्रहालय मांडा. अडकित्ता, फिरकीचा तांब्या, जुनं रेशनकार्ड, आजीची फणीकरंड्याची पेटी, जे सापडेल ते. गावाकडून आजोबांना एखादं मापटं मागवता आलं तर फारच छान. प्रत्येक वस्तूपुढे मुलानं चार ओळींची पाटी लिहायची. कुणाची, कुठून आली, कशाला वापरायचे आणि आता का वापरत नाहीत. शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे, त्यावर आजोबा आणि नातू दोघांना विचार करावा लागेल. मुलीनं काढलेला दिवा वर टांगायचा. सोसायटीतल्या मुलांना एका संध्याकाळी बोलवा, तिकीट म्हणून प्रत्येकानं आपल्या घरची एक जुनी वस्तू दाखवायला आणायची. १८ मे हा जगभर संग्रहालय दिन म्हणून पाळतात, तोच दिवस धरलात तर मुलांना आणखी मजा वाटेल. शाळेला वहीत या फळीचा नकाशा, पाट्यांची नक्कल आणि आजोबांच्या मापांचा तक्ता द्या, मुलाच्या अक्षरात, खाडाखोडीसकट.

शिक्षकांनी ‘हे संग्रहालय नाही’ म्हणून गुण कापले, तर मला कळवा. मी त्यांना पत्र लिहीन.

तुमची,
बाई